नकार दिला, पण सांगितले का?



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या भागात क्रिकेटला नुसता पूर येतो. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, भाईंदर, मीरा रोड, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. रात्री दिवे लागतात, लाऊडस्पीकरवर समालोचन सुरू होते, टेबलावर चषक मांडले जातात. आपल्या धर्मग्रामाच्या मैदानावरही दरवर्षी स्पर्धा होते. मग मांडव निघतो, पाऊस येतो आणि आपण सारे विसरून जातो.

एक मुलगा मात्र विसरला नव्हता. गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर तो चर्चच्या आवारात आमची वाट बघत थांबला होता. तो जे बोलला ते पापनिवेदन नव्हते, हे आधीच स्पष्ट करतो. ते आज आम्ही त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने सांगत आहोत. मे महिन्यातल्या स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री एका ओळखीच्या गृहस्थाने त्याला बाजूला घेतले. “उद्या एक षटक जरा सैल टाक. नवीन बूट घेऊन देतो,” असे म्हटले. मुलाने नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी तो जीव तोडून खेळला. संघ हरला, पण प्रामाणिकपणे हरला.

आम्ही विचारले, “मग तीन महिने कुणालाच का सांगितले नाहीस?”

तो म्हणाला, “फादर, मी तर नाही म्हटलं ना! माझं काम झालं. आणि ते काका आमच्याच आळीतले. आमच्या टी-शर्टचे पैसे त्यांनीच दिले होते.”

“मग आज का सांगतोस?”

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “त्यांनी आणखी कुणाला विचारलं असेल का, तेच डोक्यात येतं. आता मॅच आठवली की मी प्रत्येकाकडे संशयानेच बघतो.”

बंधू-भगिनींनो, आजच्या वाचनांची तयारी करताना या मुलाचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून हलला नाही. पहिल्या वाचनात परमेश्वर यहेज्केल संदेष्ट्याला इस्राएलच्या घराण्याचा पहारेकरी नेमतो. धोका दिसला की त्याने हाक द्यायची. त्याने हाक दिली नाही आणि दुष्ट माणूस आपल्या पापात मेला, तर त्याचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल. पहारेकऱ्याने स्वतः काही वाईट केलेले नसते. तो फक्त गप्प राहिलेला असतो.

आपल्या बहुतेक सोसायट्यांच्या फाटकावर वॉचमन असतो. समजा, रात्री चोर आत शिरला, वॉचमनने त्याला पाहिले आणि तो खुर्चीतून उठला नाही. सकाळी तो म्हणाला, “मी तर चोरी केली नाही ना!” तर आपण त्याला काय म्हणू? तो खोटे बोलत नाही. पण आपण त्याला नेमले होते ते चोरी न करण्यासाठी नव्हे, चोरी होऊ न देण्यासाठी.

खेळातला भ्रष्टाचार रोखायचा तर नेमका हाच धडा शिकावा लागतो. तो जगाने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे, आणि त्यातली दोन प्रकरणे आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहेत.

डिसेंबर 1996 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ भारताच्या दौऱ्यावर होता. शेवटी मुंबईत मोहिंदर अमरनाथ यांच्या मदतीसाठी एक सामना होता. कर्णधार हॅन्सी क्रोनिए यांनी संघाच्या बैठकीत एक देकार मांडला. सामना हरण्याबद्दल संघाला सुमारे 2,50,000 डॉलर मिळणार होते. अँड्र्यू हडसन, डॅरिल कलिनन यांच्यासारखे खेळाडू ठामपणे विरोधात बोलले आणि देकार फेटाळला गेला. इथवर ही गोष्ट अभिमानाची आहे. पण पुढे काय झाले? संघाने नाही म्हटले, आणि विषय तिथेच मिटवला. ज्या कर्णधाराने असा देकार संघापुढे आणला, तोच पुढे कर्णधार म्हणून राहिला.

तीन वर्षांनी, 19 मार्च 2000 रोजी, तोच कर्णधार नागपुरात होता. भारताविरुद्धच्या मालिकेतला तो शेवटचा एकदिवसीय सामना. या वेळी त्याने साऱ्या संघाला विचारले नाही. हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स या दोघा खेळाडूंनाच गाठले. गिब्जने 20 पेक्षा कमी धावा काढायच्या, विल्यम्सने आपल्या षटकांत 50 पेक्षा जास्त धावा द्यायच्या. प्रत्येकी 15,000 डॉलर ठरले. दोघेही हो म्हणाले. प्रत्यक्षात गिब्जने 74 धावा काढल्या, विल्यम्सचा खांदा दुखावल्याने त्याला दोन षटकेही पुरी करता आली नाहीत, आणि दक्षिण आफ्रिकेने सामना जिंकला. ठरवलेले फसले, पण हो म्हटलेले पुसले गेले नाही. दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली.

ते हो का म्हणाले असतील? विचारणारा बाहेरचा बुकी नव्हता, त्यांचा कर्णधार होता. संघात कुणाला घ्यायचे यात ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याला नाही म्हणायला नवख्या मुलाची जीभ उचलत नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर शेताने कुणाकडे बघावे?

आणखी एक गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. क्रोनिए हा श्रद्धावान ख्रिस्ती म्हणून ओळखला जाणारा माणूस होता. प्रार्थना करणारा, उघडपणे आपल्या विश्वासाबद्दल बोलणारा. तेव्हा ‘आपली मुले चर्चला येतात, त्यांना काही होणार नाही’ असे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. त्या वर्षी जानेवारीत सेंच्युरियनच्या कसोटीत, पावसाने तीन दिवस वाया गेल्यावर, निकाल लागावा म्हणून दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून दिला होता. त्यामागे एका सट्टेबाजाची सूचना होती. त्याच्याकडून क्रोनिएला 53,000 रँड आणि एक चामड्याचे जाकीट मिळाले होते. एवढ्या मोठ्या कर्णधाराला जाकिटाची काय कमतरता? पण पवित्र शास्त्राच्या वाचकाला इथे आखान आठवल्यावाचून राहत नाही. यरीहो पडल्यावर लुटीतले काही घ्यायचे नाही अशी आज्ञा असताना त्याने एक सुंदर झगा, चांदी आणि सोन्याची कांब उचलली आणि तंबूत जमिनीखाली पुरली. मग आय नावाच्या लहानशा गावापुढे इस्राएलची दाणादाण उडाली. 36 माणसे मारली गेली, आणि का हरलो हे कुणालाच कळेना. एकाच्या तंबूखालचे ओझे साऱ्या लोकांनी वाहिले.

7 एप्रिल 2000 रोजी दिल्ली पोलिसांनी टेलिफोनवरच्या संभाषणांवरून क्रोनिएवर आरोप जाहीर केला. त्याने तो नाकारला. चार दिवसांनी, पहाटे तीनच्या सुमारास, त्याने आपल्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना फोन करून आपण पूर्ण खरे बोललो नव्हतो असे सांगितले. झोप उडालेल्या माणसाचा तो फोन होता. पुढे चौकशी आयोगापुढे त्याने बरेच कबूल केले आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली. 1 जून 2002 रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा 32 वर्षांचा होता. त्याचा न्याय करणे आपले काम नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करणे आहे. पण मनात एक प्रश्न उरतोच. 1996 साली मुंबईतल्या त्या खोलीत कुणी उठून म्हटले असते, “नाही तर म्हणूच, पण हे वर कळवूही,” तर हा माणूस वाचला नसता का? गप्प राहिलेल्या मित्रांनी त्याची अब्रू राखली असे त्यांना वाटले असेल. खरे तर त्यांनी त्याला एकटे सोडले.

या साऱ्यातून आंतरराष्ट्रीय क्रिकेटने एक नियम केला. कुणी गैर विचारणा केली तर नकार देणे पुरेसे नाही, ती विनाविलंब कळवलीच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा. 2019 साली बांगलादेशचा थोर अष्टपैलू खेळाडू शाकिब अल हसन याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्यांतले एक वर्ष स्थगित ठेवले गेले. त्याने सामना निश्चित केल्याचा आरोप नव्हता. एका सट्टेबाजाने केलेल्या विचारणा त्याने कळवल्या नव्हत्या, एवढेच.

याच्या उलट उदाहरणही आहे. 2023 साली मोहम्मद सिराज या आपल्या वेगवान गोलंदाजाला एका माणसाने संघाच्या आतल्या बातम्या विचारल्या. सिराजने लगेच क्रिकेट मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाला कळवले. चौकशीत असे दिसले की तो माणूस मोठा बुकी नव्हता. सट्ट्यात पैसे घालवून बसलेला आणि ते भरून काढू पाहणारा तो एक साधा माणूस होता. सिराज रिक्षाचालकाचा मुलगा आहे, पैशाची चणचण काय असते ते त्याला कुणी शिकवायला नको.

कुणी म्हणेल, ‘फादर, हे पोलिसांचे काम आहे.’ पोलीस आणि न्यायालये हवीतच. पण त्यांचे हात किती पोचतात ते 2013 साली दिसले. वानखेडेवर आयपीएलचा सामना झाल्यावर दिल्ली पोलिसांनी मुंबईत श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईकर अंकित चव्हाण यांना अटक केली. ठराविक षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या आणि खूण म्हणून कमरेला रुमाल खोचायचा, असा आरोप होता. 2015 साली दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, तेव्हा त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. क्रिकेट मंडळाने मात्र स्वतःच्या चौकशीवरून बंदी घातली होती. 2018 साली विधी आयोगाने खेळातली अशी फसवणूक स्वतंत्र गुन्हा ठरवावी अशी शिफारस केली. श्रीलंकेने 2019 मध्ये तसा कायदाच केला. कायदा पुराव्यावर चालतो, आणि मुद्दाम टाकलेला वाईड व हातून सुटलेला वाईड बाहेरून सारखेच दिसतात. त्यातला फरक टाकणाऱ्याच्या अंतःकरणात असतो, आणि ज्याला आधी विचारले गेले त्याला ठाऊक असतो. म्हणूनच त्याचे सांगणे मोलाचे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हांला फार आवडला होता. शरीराला जशी विश्रांती हवी, तशी मनाला खेळ-विनोदाची गरज असते, आणि योग्य मर्यादेत खेळणे हा सद्गुणच आहे, असे ते मानत. पण खेळ म्हणजे नेमके काय? दोन संघांनी एकमेकांना आणि बघणाऱ्यांना दिलेले एक वचन: निकाल अजून ठरलेला नाही, तो आम्ही इथे, तुमच्यासमोर ठरवू. हे वचन मोडले की चेंडू, फळी, धावफलक सारे जागच्या जागी राहते, पण खेळ निघून गेलेला असतो. लुबाडलेल्या प्रेक्षकाला आपण लुबाडलो गेलो हेही कळत नाही. आणि त्या मुलासारखा एखादा, ज्याने काहीच चूक केली नाही, तो आपल्या सवंगड्यांकडे संशयाने बघू लागतो. बूट मिळाले नाहीत, षटक विकले गेले नाही, तरी विश्वास चोरीला गेलाच. संत पौल तीमथ्याला लिहितात की नियमाप्रमाणे खेळल्यावाचून मल्लाला मुकुट मिळत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2018 मध्ये, व्हॅटिकनने खेळाविषयी एक विस्तृत दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यातही भ्रष्टाचाराचा उल्लेख खेळापुढचे एक मोठे संकट म्हणून आला आहे.

आता कबुलीची पाळी आमची आहे. त्या मुलाला ‘का सांगितले नाहीस’ असे विचारताना आमची मान खाली गेली. मांडवामागे पैजा लागतात, ही कुजबुज गेल्या दोन वर्षांत आमच्याही कानांवर आली होती. ‘पोरेटोरे आहेत, शंभर-दोनशेची गंमत, चालायचेच,’ असे म्हणून आम्ही विषय टाळला. देणगीदार दुखावतील ही भीतीही मनात होती. ज्याला पहारेकरी नेमले तोच खुर्चीत बसून राहिला. याबद्दल आम्ही परमेश्वराची क्षमा मागितली आहे, आणि आज तुमचीही मागतो. कारण सामना विकणारा एकटा उभा नसतो, त्याच्यामागे पैज लावणारे उभे असतात. पैज नसेल तर एका सैल षटकाला बूट कोण देणार? मोबाइलवर, लोकलच्या डब्यात, आयपीएलच्या दिवसांत चालणारा सट्टा ही काही गंमत नव्हे. आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने 2025 साली कायद्याने बंदी घातली. तरी बुडत्याचा पाय खोलात जातो तसे एक हरलेले भरून काढायला दुसरे लावणारे आपल्या घरांतही आहेत. त्यांनी लाजून दूर राहू नये. आमचे दार उघडे आहे.

मग सांगायचे कसे? चहाडी करायची का? मुळीच नाही, आणि आजचे शुभवर्तमान नेमके हेच शिकवते. प्रभू येशू मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगतो: तुझ्या बंधूने अपराध केला तर आधी त्याला एकांतात समजाव. ऐकले तर तू तुझा बंधू मिळवलास. नाही ऐकले तर आणखी एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. चहाडी पाठीमागे होते, आणि ती माणूस गमावण्यासाठी असते. हे सांगणे समोरासमोर होते, माणूस परत मिळवण्यासाठी असते. मात्र ही पायरी पायरीची चाल मोठ्यांसाठी आहे. सोळा वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या गृहस्थाला एकट्याने जाब विचारावा अशी अपेक्षा कुणी करू नये. मुलाने मोठ्याला सांगावे, पुढचे मोठ्याने बघावे. त्या गृहस्थांशी आम्ही एकांतात बोललो आहोत. काय बोललो ते त्यांचे आणि आमचे. ते कोण याचा शोध घेत कृपया कुणी फिरू नये. तसे केलेत तर या लेखातले एक अक्षरही तुम्ही वाचले नाही असे आम्ही समजू.

पॅरिश कौन्सिलशी बोलून पुढच्या स्पर्धेसाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. देणगी आणि बक्षिसे मंडळाकडेच येतील आणि फलकावर जाहीर लिहिली जातील. कुणाही खेळाडूला कुणी खाजगीत भेट द्यायची नाही, बुटांची गरज असेल तर मंडळाला सांगा. पंच बाहेरच्या धर्मग्रामांतून बोलावले जातील. मैदानात किंवा मांडवाच्या आसपास पैज लावणाऱ्याला, मग तो कितीही मोठा देणगीदार असो, हात जोडून बाहेर जायला सांगितले जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचे: कुणी गैर विचारणा केली तर खेळाडूने त्याच दिवशी आईवडिलांना, प्रशिक्षकाला किंवा आम्हांला सांगायचे. उशिरा सांगितले तरी त्याला रागावले जाणार नाही. आधी हो म्हणून बसलेला असला तरी नाही. त्याचे नाव कुठेही घेतले जाणार नाही.

पालकांना एक विनंती. मुलगा सामना हरून आला की आपण विचारतो, “किती धावा काढल्यास?” आजपासून आणखी एक प्रश्न विचारू या: “आज मैदानावर तुला काही खटकलं का रे?” आणि तो सांगू लागला तर हातातले काम बाजूला ठेवू या. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. पापाची मूठ मात्र झाकून ठेवली की तिची किंमत वाढत जाते, आणि ती शेवटी दुसऱ्याच कुणाला तरी भरावी लागते.

त्या मुलाने निघताना विचारले, “फादर, मी उशीर केला का?” आम्ही म्हणालो, “केलास, बाळा. आम्ही तुझ्याहून जास्त केला. पण आता दोघेही जागे आहोत.” तो हसला, आणि बऱ्याच दिवसांनी खांद्यावरची पिशवी उतरल्यासारखा मित्रांमध्ये खेळायला गेला. मैदानात चिखल होता, फुटबॉल चालला होता.

प्रभू आपल्या मुलांना निर्मळ खेळ देवो आणि आपल्याला जागे ठेवो. आमेन.

प्रभूमध्ये तुमचे,
धर्मगुरू